कवेलू फेरताना

पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठीमायनं आम्हाला ओट्यावरूनच परत पाठवलं.

"माह्या घरात काही टपकत-बिपकत नाही बापू. ज्याचं टपकते त्याच्याकडे जा."

आम्ही चौघे होतो. एकाच्या हातात टेप, माझ्या हातात वही. मागच्या पावसाळ्यात तिचं घर गळताना सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. शेजारच्या वहिनीनं रात्री दोन वाजता तिची बाज ओढून कोरड्या कोपऱ्यात लावून दिली होती. तरी ती नाही म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

घरी येताना माझ्या लक्षात आलं, चूक वहीची होती. आमच्याकडे वही घेऊन येणारा म्हणजे सर्व्हेवाला. तो नाव विचारतो, वय विचारतो, जात विचारतो, घराचा फोटो काढतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईनं आयुष्यात अशा किती वह्या पाहिल्या असतील. आणि आम्ही तिच्या दारात उभं राहून तिच्याच समोर तिच्या भिंतीच्या भेगा बोटानं मोजत होतो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लाखांदूर तालुक्यात. चुलबंद नदी इकडंच वैनगंगेला मिळते. धानाचा मुलूख, मोठ्या खरेदीला वडसा. माझं रस्त्याला लागून वेल्डिंगचं दुकान आहे आणि तीन एकर धान. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगेला पूर आला आणि खालच्या टोलीतली मातीची घरं बसली. पाणी दोन-तीन दिवसांत उतरलं, पण भिंती पुढचा आठवडाभर पडत राहिल्या. पुरात तग धरलेली भिंत ऊन पडल्यावर तडकायची आणि रात्री केव्हातरी धप्प करून खाली यायची. तेव्हा आम्ही काही जणांनी लोकांच्या घरातला गाळ उपसला, वाकलेल्या छपराला बल्ल्यांचे टेकू दिले. तिथून हे काम सुरू झालं ते थांबलं नाही. याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना संपली की आम्ही त्याच पटांगणात बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणाचं घर घ्यायचं ते ठरवतो. कायमचे अकरा जण आहोत. एक गवंडी, एक म्हातारे सुतार काकाजी, एक वायरमन, बचत गटाच्या चार बाया, बाकी माझ्यासारखे.

हे काही नवीन नाही. सुतार काकाजी सांगतात, पूर्वी कवेलू, म्हणजे घरावरची कौलं, फेरायचं काम सावडीनंच व्हायचं. आज माझं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, उद्या तुझं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रमदानाला प्रार्थनेइतकं मोठं केलं, ते याच मातीत, याच माणसांत. पण आता जानेवारी लागली की अर्धी तरणी पोरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, काही नागपूरला कंपनीत आहेत. सावड करायला दोन बाजूंना हात लागतात. ज्या घरात एकटी म्हातारी आहे तिनं सावडीत कोणाला काय परत द्यायचं? म्हणून अशी घरं आधी सावडीतून सुटली आणि मग गळायला लागली.

पैसा थोडा लागतो, पण लागतो. आमच्या गावात दरवर्षी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, झाडीपट्टीचं नाटक होतं. वडशाची कंपनी येते, रात्रभर मंडप भरलेला असतो. तिकिटांतून कंपनीचे पैसे देऊन जे उरतं ते आधी मंदिराच्या रंगाला जायचं. तीन वर्षांपूर्वी मंडळानं त्यातला अर्धा वाटा या कामाला द्यायचं ठरवलं. त्या बैठकीत भांडण झालं, ते सांगायलाच हवं. "देवाचा पैसा" हा शब्द आला. शेवटी मंडळातले सगळ्यात म्हातारे आबाजी उठले आणि म्हणाले, मंदिराला स्लॅब आहे जी, ते गळत नाही. त्यानंतर कोणी बोललं नाही.

मोठीमायकडे दुसऱ्यांदा आम्ही गेलोच नाही. गवंड्याची आई गेली. ती जाऊन ओसरीत बसली आणि मोठीमाय लाखोळीची डाळ निवडत होती, त्यातली मूठभर स्वतःच्या पदरात घेऊन निवडायला लागली. दोन दुपारी अशा गेल्या. तिसऱ्या दुपारी मोठीमाय आपणहून बोलली. घरधनी होते तोवर तेच कवेलू फेरायचे. ते गेल्यावर पुतण्या यायचा. पुतण्या बायकापोरं घेऊन नागपूरला राहायला गेला त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून वर कोणी चढलं नाही. आणि मग म्हणाली, पोट्ट्यांना सांग या म्हणून, पण फुकट नाही. सकाळचा चहा माझ्या घरचा. आणि ढोल्याला कोणी हात लावायचा नाही.

ढोला म्हणजे धान ठेवायची बांबूची मोठी कणगी, शेणमातीनं लिंपलेली. तिचं शेत आता बटईनं दिलेलं, वर्षाचं धान दोन पोत्यांत मावतं. ढोला रिकामा होता आणि माजघराची अर्धी जागा अडवून उभा होता. मी मनात म्हटलं, पाहू नंतर.

आमच्याकडे या कामाला दिवस फार थोडे मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये लोक मोहफुलं वेचतात, मे लागला की तेंदूपत्ता. तेंदूचं फळीवरचं (संकलन केंद्रावरचं) काम आटोपून माणसं मोकळी होतात तोवर वीस तारीख येते, आणि सात जूनला मृग. मधले अठरा दिवस आपले. त्यातच नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. पलीकडं ब्रह्मपुरीचा पारा सेहेचाळीसच्या वर जातो तेव्हा आमच्याकडेही काही वेगळं नसतं. कवेलूला दुपारी हात लावला तर फोड येतो. म्हणून पहाटे साडेपाचला निसनी (शिडी) लावायची आणि दहाला उतरायचं. पुन्हा संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत.

देशी कवेलूचं छप्पर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अर्ध्या नळीसारखी कवेलू असतात. एक ओळ उताणी, तिच्या दोन्ही कडांवर पालथी ओळ. पालथ्यावरचं पाणी उताण्यात येतं आणि उताण्यातून घरंगळत वळचणीला. खिळा नाही, सिमेंट नाही, नुसत्या वजनावर आणि एकमेकांच्या आधारावर बसलेली असतात. त्यामुळं वाऱ्यानं, मांजरानं, मुख्य म्हणजे वानेरांनी ती सरकतात. आमच्याकडे वानेरांची टोळी एका घरावरून दुसऱ्या घरावर उडी मारते तेव्हा एका उडीत पाच-सहा कवेलू जातात. म्हणून दरवर्षी पावसाआधी सगळी उतरवून, झटकून, फुटकी बदलून पुन्हा मांडायची. यालाच कवेलू फेरणं म्हणतात. चार वर्षं फेरलं नाही की गळकं पाणी खालच्या बांबूच्या कमच्यांना लागतं, कमच्यांवरून उतरत्या फाट्यांना आणि फाट्यांवरून मयालीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या आडव्या तुळईला.

मोठीमायच्या छपरावर तीन हजारांच्या वर कवेलू निघाली. आढ्यापासून खाली एकेक ओळ काढत, हातोहात निसनीवरून उतरवत. खाली बाया ती वेगळी लावत होत्या. मला सुरुवातीला वाटायचं डोळ्यांनी पाहून कळतं. नाही कळत. कवेलू डाव्या हातावर तोलायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची गाठ त्यावर मारायची. साबूत असेल तर टण्ण वाजतं, भांड्यासारखं. आत केसभर चीर असेल तर भद्द. मोठीमाय बाजेवर बसून नुसती ऐकत होती. माझ्या हातातल्या एका कवेलूला मी साबूतमध्ये ठेवायला गेलो तर म्हणाली, "ते नोको, ते मेलं आहे." पुन्हा वाजवून पाहिलं. मेलेलंच होतं. त्या दिवसापासून कवेलू निवडायचं काम आम्ही तिच्यावर सोपवलं. तीन हजारांतून नऊशेच्या आसपास बाद झाली.

आता नवीन देशी कवेलू कोण करतो? आमच्या भागातल्या कुंभारांनी भट्ट्या केव्हाच बंद केल्या. मग आणायची कुठून? गावात घरकुलं उभी राहतात तेव्हा जुनं घर पाडलं जातं आणि त्याची कवेलू सांदवाडीत रचून ठेवतात, कधीतरी कामी येतील म्हणून. ती कधीच कामी येत नाहीत, त्यात विंचू राहतात. आम्ही घरोघरी जाऊन ती मागितली. कोणी शंभर दिली, कोणी तीनशे. पैसे कोणी घेतले नाहीत. एका घरच्यानं तर स्वतः बंडीत भरून आणून दिली.

टिन टाकून मोकळे व्हा, असं आम्हाला सगळे सांगतात. एका दिवसाचं काम आहे हे खरं. गेल्या वर्षी एका आंधळ्या जोडप्याच्या घराला आम्ही टिनच टाकलं, कारण त्यांच्याकडे दरवर्षी फेरायला कोणी येईल याची खात्री आम्हालाही नव्हती. पण मोठीमायनं साफ सांगितलं, टिनाखाली मी मेमध्येच मरीन. आणि ती रोज दुपारभर घरातच असते. जी व्यक्ती त्या छपराखाली चोवीस तास काढणार आहे तिचं म्हणणं शेवटचं, हा आमचा नियम आहे. सेवाग्रामच्या बापूकुटीला मी दोनदा जाऊन आलो. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले, त्याच्या थोड्या मागंपुढं झालेलं ते काम आज उभं आहे, कारण कोणीतरी त्याची देखभाल करतं. मातीचं घर कच्चं असतं हे मला पटत नाही. सोडून दिलेलं घर कच्चं होतं.

छप्पर उघडल्यावर खरी परीक्षा लागली. सुतार काकाजींनी मधल्या मयालीला पटाशी टेकवली आणि मुठीनं हलकेच दाबली. अख्खं पातं आत गेलं. वरून साग ठणठणीत दिसत होता, आत उधईनं (वाळवीनं) नुसती माती करून ठेवली होती. त्या मयालीखाली ती बाई रोज झोपत होती. आम्ही काही वेळ कोणीच बोललो नाही. मग काकाजींनी पिशवीतून दोरी काढली आणि माप घ्यायला लागले. पाडलेल्या घरातली जुनी सागाची मयाल तीन हजारांत मिळाली. तिला आणि सगळ्या टोकांना जळकं ऑइल दोनदा लावलं. फाटे आणि कमच्यांसाठी बांबू एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा. २०१७ मध्ये वनकायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून काढला, त्यामुळं धुऱ्यावरचा बांबू तोडायला आता अडचण नाही. काकाजी बांबू अंधाऱ्या पाखातच, म्हणजे कृष्णपक्षात, तोडायला लावतात. त्यानं घुण लागत नाही असं म्हणतात. आम्ही त्यांचं ऐकतो.

आणि इथंच आमच्या हातून मोठी चूक झाली. मयाल बदलायची म्हणून आम्ही दोन्ही पाखी एकदम उघडली. मृगाला अजून चार दिवस होते. आभाळ सकाळपासून स्वच्छ. संध्याकाळी साडेसहाला वैनगंगेकडून काळं उठलं आणि पंधरा मिनिटांत वारं, धूळ आणि मोठमोठे थेंब. मंडपवाल्याची ताडपत्री आणायला पोरं पळाली. ती घरावर पसरली तर वाऱ्यानं पतंगासारखी उचलली. चार कोपऱ्यांना चार जण लोंबकळलो, एक टोक कडुनिंबाला बांधलं, एक माझ्या गाडीला. तासभर असं धरून होतो. तरी मागची भिंत वरून भिजली आणि दोन हात लांबीचा तुकडा डोळ्यांदेखत खाली बसला. मोठीमाय शेजारणीच्या छपरीतून पाहत होती. मी भिजलेला तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो, काय बोलावं कळेना. आम्ही मदतीला आलो आणि तिचं उभं असलेलं घर आमच्यामुळं पडलं होतं.

ती एवढंच म्हणाली, "ढोला भिजला का?"

मी आत जाऊन पाहिलं. ढोला कोरडा होता. तेव्हा मला कळलं की अख्ख्या घरात गळत नव्हती ती तेवढीच जागा, आणि ढोला तिथंच ठेवलेला होता. तिनं मला त्याचं झाकण काढायला सांगितलं. आत तळाशी प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक. त्यात बँकेचं पासबुक, आधार, श्रावणबाळचा कागद, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, घरधन्याचा मृत्यूचा दाखला आणि एक फोटो. महिन्याचे पंधराशे रुपये ज्या कागदांवर येतात ते सगळे त्या रिकाम्या ढोल्यात होते. आणि मी तो मागच्या अंगणात काढून ठेवायच्या बेतात होतो.

तेव्हापासून दोन्ही पाखी एकदम उघडत नाही. सकाळी जेवढं उघडलं तेवढं अंधारापूर्वी झाकायचं, आभाळात एक ढग नसला तरी. आणि घरातली कोणतीही वस्तू विचारल्याशिवाय हलवायची नाही, ती कितीही निकामी दिसली तरी.

पडलेली भिंत बायांनी उभी केली. मातीचं काम त्यांच्याइतकं आमच्यातल्या कोणाला येत नाही. बोडीतला (लहान तळ्यातला) गाळ आणून त्यात तणसाचे, म्हणजे धानाच्या काडाचे, तुकडे टाकून चार दिवस भिजत ठेवला, रोज पायांनी तुडवला. चौथ्या दिवशी त्याला वास सुटला तेव्हा त्या म्हणाल्या, आता झाला. छाबताना, म्हणजे भिंतीला ही माती लावताना, हात वरून खाली नाही, खालून वर न्यायचा, तळवा ओला ठेवायचा, एका जागी तीनदापेक्षा जास्त फिरवायचा नाही. मी फिरवत बसलो तर गटातल्या वहिनींनी माझा हात धरून बाजूला केला. वर पांढऱ्या मातीनं पोतारलं. समोरच्या भिंतीचा खालचा दीड फूट मात्र वेगळंच दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी कोणीतरी तिला भलेपणानंच सिमेंटचा गिलावा करून दिला होता. मातीच्या भिंतीला ओल येते आणि ती बाहेर निघून जायला वाट लागते. सिमेंटनं ती वाट बुजली. गिलावा ठोकला तर पोकळ वाजला, आणि उखडला तेव्हा आतली माती शिऱ्यासारखी हातात आली. हे एकदम सगळं काढलं असतं तर भिंत अंगावर आली असती. गवंड्यानं हातभर जागा खोदायची, दगड-मातीनं भरायची, दोन दिवस वाळू द्यायची, मग एक हात सोडून पुढची, असं करत आठ दिवसांत ते पूर्ण केलं. आणि वळचण एक फूट पुढं काढली, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीच्या पायथ्याला लागणार नाहीत. मातीच्या भिंतीला पावसापेक्षा हे खालून उडणारे शिंतोडे खातात.

वायरमननं जुनी जोडाजोडीची वायर काढून नवी टाकली. आढ्यावर बाभळीच्या फांद्या ठेवल्या, वानेरांसाठी. सगळं मिळून ९,४०० रुपये खर्च झाला. रोज सकाळी चहा तिचाच होता. चहा अकरा जणांना पुरला पाहिजे म्हणून ती साखर शेजारून उसनी आणत होती हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं.

मोठीमायला घरकुल का नाही, असं बाहेरचे विचारतात. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागाला १.२० लाख मिळतात, २०१६ पासून. पण ते हप्त्यानं. आधी जोता घाला, मग पुढचा हप्ता. भिंती उचला, मग पुढचा. सुरुवातीला पदरचे पैसे आणि उभं राहून काम करवून घेणारं माणूस लागतं. तिच्याकडे दोन्ही नाही. त्याआधीचा खोडा म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, घर अजून तिच्या सासऱ्याच्या नावावर आहे. ढोल्यातले ते कागद घेऊन आम्ही फेरफाराचा अर्ज करून दिला आहे. घरकुल मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तिनं राहायचं कुठं, याचं उत्तर योजनेत नाही, म्हणून कवेलू फेरावी लागतात.

त्याच उन्हाळ्यात आणखी दोन घरांत काम केलं. एक काकाजी, सुतार नव्हेत, दुसरे; साखरेच्या आजारानं त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शिबिरात तीनचाकी मिळाली, पण ओटा दोन फूट उंच. ती दारासमोर उभी आणि हे आत. आम्ही हौसेनं सहा फुटांचा उतार बांधून दिला. पहिल्याच दिवशी चढताना गाडी मागं सरकली. माझा भाचा मागं होता म्हणून थांबली, काकाजींच्या हाताची साल निघाली. ते आम्हालाच समजावत होते, काही नाही जी, होते असं. मी घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. बांधायच्या आधी शोधायला हवं होतं. उतार फोडला, ओटा अर्धा फूट खाली घेतला आणि दीड फुटाला अठरा फूट, भिंतीला लागून मध्ये वळण आणि वळणावर सपाट जागा देऊन पुन्हा केला. आता ते एकटे पानठेल्यापर्यंत जातात.

दुसरं घर मला जास्त लागलं. तिथं चोवीस वर्षांची पोरगी आहे. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या पट्ट्यात हा आजार घराघरात माहीत आहे. तिच्या खुब्याचं हाड रक्त न पोहोचल्यानं झिजलं, तिला उकिडवं बसता येत नाही. घरी अनुदानातून झालेला संडास आहे, साधं खाली बसायचं भांडं. तिची आई माझ्या बायकोजवळ बोलली म्हणून कळलं, की संडासला जावं लागू नये म्हणून पोरगी दुपारनंतर पाणीच पीत नाही. सिकलसेलच्या माणसानं पाणी भरपूर प्यायचं असतं. शरीर कोरडं पडलं की रक्तातल्या विळ्यासारख्या पेशी अडकतात आणि तेच दुखणं उठतं ज्यानं ती महिन्यातून चार-चार दिवस ओरडत असते. म्हणजे संडासच्या भांड्यामुळं तिला दवाखान्यात जावं लागत होतं.

हे काम मी एकट्यानं माझ्या दुकानात केलं. पण उंची तिला विचारून. ती दुकानात आली, मी बाकाखाली विटा घालत गेलो आणि ती बसून पाहत गेली. अठरा इंचांवर म्हणाली, इथं दुखत नाही. तेवढ्या उंचीची पाइपची चौकट, वर प्लास्टिकची सीट, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. दार आत उघडत होतं, ते बाहेर उघडेल असं फिरवलं, आत कधी पडली तर दार अडू नये म्हणून. पाइपाचे पैसे ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातल्या, दिव्यांगांसाठी राखलेल्या पाच टक्क्यांतून दिले. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वात धरलेलं आहे, हे अर्जात लिहून द्यावं लागलं. तिच्या आईनं आठ दिवसांनी माझ्या बायकोला सांगितलं, आता माठ रिकामा होते.

यंदा पहिला मोठा पाऊस रात्री साडेअकराला आला. पहिल्या पावसात आम्ही घरं पाहायला निघतो, बॅटरी घेऊन, डोक्यावर युरियाचं पोतं. तीनचाकीवाल्या काकाजींकडे सगळं कोरडं. टिनाच्या घरात आवाजानं कोणाला झोप नव्हती, पण पाणी नव्हतं.

मोठीमायच्या ओट्यावर पाय ठेवला तेव्हा दार उघडंच होतं आणि ती काठी घेऊन आत उभी होती. मी म्हटलं, मोठीमाय, झोपली नाहीस? तिनं काठी वर केली, छपरीच्या डाव्या कोपऱ्याकडे. खाली जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेला, त्यात टप्प टप्प.

"आता येऊन रायले का? एथं टपकते कधीचं. कवेलू कोणी लावलं ते? भद्द वाजत होतं, मी तेव्हाच सांगत होते. उद्या निसनी घेऊन ये, अन् त्या सुताराले पण घेऊन ये."

हो म्हटलं. सकाळी पाऊस उघडल्यावर जाऊन बदललं.